विमा नव्हता

आमच्या कारखान्याशी वर्षानुवर्षं व्यवहार करणाऱ्या निम्म्या लोकांनी भालेरावबाईंना कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांना फक्त आवाज ठाऊक होता. अंबरनाथ एमआयडीसीत आमचा रसायनांचा कारखाना होता. कापडाच्या रंगांना लागणारा माल आम्ही बनवायचो. बाई तिथे टेलिफोन ऑपरेटर होत्या. डिस्पॅचला माझं टेबल, पलीकडे काचेची भिंत आणि काचेपलीकडे बाईंचा बोर्ड. दिवसभर त्या दोऱ्या उपसून इकडच्या भोकातून तिकडच्या भोकात घालायच्या आणि बोलत राहायच्या.

फोनवरची मराठी वेगळी आणि फोनबाहेरची वेगळी. फोनवर, "नमस्कार, कृपया थांबा हं, लाइन देते." हेडफोन मानेवर सरकला की मला, "ए नीलू, चाय बोलली का नाय अजून? मरायची पाळी आली इथं." हिंदीसुद्धा दोन. एक मुंबईच्या हेड ऑफिससाठी, एक उल्हासनगरच्या गिऱ्हाइकांसाठी. त्या उल्हासनगर पाच नंबरला राहायच्या, आजूबाजूला सगळी सिंधी घरं आणि कारखाने, त्यामुळे 'साईं' हा शब्द त्यांच्या तोंडात अगदी घरचा होता.

एका दिवाळीला उल्हासनगरचा एक कापड रंगवणारा व्यापारी मिठाईचा पुडा घेऊन आला. "वो फोनवाली मॅडम से मिलना है," असं मला म्हणाला. मी काचेकडे बोट केलं. आत बुटक्या, अंगाने भरलेल्या, जाड चष्म्याच्या, चापून तेल लावून वेणी घातलेल्या भालेरावबाई. व्यापाऱ्याने त्यांच्या मागे पाहिलं, आणखी कोणी आहे का म्हणून.

"बोलिए, मैं ही हूँ," बाई फोनच्या आवाजात म्हणाल्या.

"मॅडम, आवाज तो किसी और का लगता है."

"आवाज ड्यूटी पर आता है, साईं. मैं उसके साथ आती हूँ."

तो मनुष्य पुडा ठेवून हसत गेला. पुढे दर दिवाळीला पुडा यायचा, तो स्वतः मात्र पुन्हा आला नाही.

डबा त्या बोर्डावरच खायच्या. सुकटीची चटणी असली की आमच्या सगळ्या मजल्याला कळायचं. एकदा हेड ऑफिसचा कोणी मोठा साहेब लाइनवर असताना बाईंनी त्याला अगदी गोड आवाजात सांगितलं होतं, "सर, एक मिनिट, तोंडात घास आहे." तो थांबला. बाईंनी घास नीट चावून गिळला, पाणी प्यायल्या आणि लाइन दिली.

आणि एक त्यांचा हट्ट होता. आमचे जनरल मॅनेजर पैशांसाठी मागे लागलेल्या लोकांचे फोन टाळायचे. "साहेब नाहीत म्हणून सांगा," असा हुकूम. बाई सांगायच्या, "साहेब आत्ता फोन घेत नाहीत." एकदा ते तरातरा बाहेर आले. "तुम्हाला नाही म्हणायला सांगितलं होतं ना?"

"साहेब, तुम्ही काचेतून मला दिसता. दिसतंय त्याला नाही कसं बोलू?"

मॅनेजरांनी दुसऱ्या दिवशी आपल्या केबिनला पडदा लावून घेतला.

भालेरावबाईंचे मिस्टर वसंतराव उल्हासनगरलाच एका पँटच्या कारखान्यात कटर होते. उंच, सडपातळ, फार न बोलणारे. पगाराच्या दिवशी कधीकधी बाईंना न्यायला यायचे आणि गेटबाहेर टपरीपाशी उभे राहायचे, आत यायचे नाहीत. "आत या ना," मी म्हटलं होतं एकदा. "नको, तिची ड्यूटी आहे," म्हणाले. बाई बाहेर आल्या की पिशवी तेवढी स्वतःकडे घ्यायचे. एक मुलगा होता, मिलिंद, तेव्हा शाळेत.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. वसंतरावांना कावीळ झाली. आधी झाडपाल्याचं औषध, मग गल्लीतला डॉक्टर, मग उल्हासनगरमधलं एक खाजगी हॉस्पिटल. त्यांच्या शेठने थोडे दिले, मग हात वर केले. बाईंनी बांगड्या मोडल्या. बोर्डावर त्या येतच होत्या, कारण रजा बिनपगारी झाली असती. संध्याकाळी थेट हॉस्पिटलला जायच्या.

कारखान्यातल्या कामगारांना सरकारी विमा होता. आम्ही ऑफिसचा स्टाफ, आमचा पगार त्या मर्यादेच्या थोडा वर, म्हणून आम्ही त्यातून बाहेर. पण अधिकाऱ्यांसाठी कंपनीने एक खाजगी आजारपणाचा विमा काढलाय, अशी कुणकुण होती. म्हणून बाई आमच्या पर्सोनेल ऑफिसरकडे, देवधरांकडे गेल्या. देवधर सज्जन होते. कुणाचं वाईट व्हावं असं त्यांना कधी वाटलं नाही, आणि कुणासाठी आवाज चढवावा असंही नाही.

"साहेब, आपल्या स्टाफला विमा आहे का? मिस्टरांसाठी विचारते."

"स्टाफला नाही हो, भालेरावबाई," देवधर म्हणाले. "असता तर मीच बोलावून सांगितलं असतं."

बाई "बरं" म्हणून परत आल्या आणि हेडफोन लावला. दोन दिवसांनी वसंतरावांना घरी आणलं. त्यानंतरच्या आठवड्यात, सकाळी, चहा घेता घेता ते गेले.

मी आणि स्टोअर्सचे पाटील, आम्ही दोघं पुण्यानुमोदनाला गेलो होतो. गल्लीत मांडव घातला होता, भंतेजी वंदना म्हणत होते. बाई पांढऱ्या साडीत बसल्या होत्या. आम्हाला पाहून म्हणाल्या, "जेवून जा हां, पाटील, तुम्हाला बारवीपर्यंत जायचंय." दुसरं काही नाही.

त्या कामावर परत आल्या त्या सकाळी मी मुद्दाम लवकर गेले होते. काय बोलायचं ते मनाशी ठरवत होते. तेवढ्यात काचेपलीकडून ऐकू आलं, "नमस्कार, कृपया थांबा हं, लाइन देते." तोच आवाज. त्यात कणभर फरक नव्हता. मला तेव्हा त्याची भीती वाटली, हे आठवतं.

फरक फोनबाहेरच्या आवाजात पडला. तो जवळजवळ बंदच झाला. चहा आला तर प्यायच्या, नाही आला तर विचारायच्या नाहीत. स्टेशनवर शेअर रिक्षात बसलं की समोरच्या ड्रायव्हरच्या मानेकडे बघत राहायच्या. मी काही विचारलं तर उत्तर द्यायच्या, अगदी नीट, पूर्ण वाक्यात. रडताना त्यांना मी पाहिलं नाही. पाटील म्हणायचे, "बाय पार दगड झालीया." दगड नव्हत्या झाल्या. सगळं करत होत्या, फक्त कशालाच हात लागत नसल्यासारखं.

असं वर्ष गेलं असेल. मग ते सर्क्युलर आलं.

हेड ऑफिसहून इंग्रजीत आलेलं, देवधरांनी त्याचं मराठी करून नोटीस बोर्डावर लावलेलं. त्यात असं होतं की, कंपनीने स्टाफ आणि त्यांच्या कुटुंबीयांचाही आजारपणाचा विमा गेली दोन वर्षं काढलेला होता. हप्ता सगळा कंपनीने भरला. ऑडिटमध्ये असं निघालं की निम्मा हप्ता स्टाफकडून घ्यायचा राहून गेला. तर तो आता पूर्वलक्षी प्रभावाने पगारातून कापण्यात येईल. सर्वांनी संमतीपत्रावर सह्या कराव्यात.

लोक भडकले. विमा आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. पाटलांनी देवधरांना कॅंटीनमध्येच गाठलं. "मागचा हप्ता घेतंव बोलता, मंग मागचा ताप पन घ्या नं आमचा! माझे आयशीचा डोला काढला, त्याचा बिल देता काय?" देवधरांनी पुन्हा पुन्हा सांगितलं की दाव्यांची मुदत केव्हाच संपली, विमा कंपनी जुनी बिलं घेणार नाही, ते त्यांच्या हातात नाही. म्हणजे हप्ता मागच्या तारखेपासून आणि फायदा पुढच्या. लोक हसायलाही लागले आणि शिव्याही द्यायला लागले.

भालेरावबाई सर्क्युलरसमोर उभ्या होत्या. मी शेजारी गेले.

"नीलू, पूर्वलक्षी म्हणजे काय गं?"

"मागच्या तारखेपासून लागू."

"दोन वर्षं मागे?"

"हो."

"म्हणजे ते होते तेव्हापासून."

त्या देवधरांच्या केबिनमध्ये गेल्या. दार उघडंच होतं.

"साहेब, मी तुम्हाला विचारायला आली होती. आठवतंय?"

"आठवतंय, बाई." देवधरांनी चष्मा काढला. "मला खरंच माहीत नव्हतं. हेड ऑफिसने परस्पर केलं. आम्हाला कळवलंच नाही."

"म्हणजे होता?"

"कागदावर होता."

"होता की नव्हता?"

"होता," देवधर म्हणाले.

बाई बाहेर आल्या. एक ट्रंक कॉल वाट पाहत होता, तो त्यांनी जोडून दिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सही करायला नकार दिला. भांडल्या नाहीत. शिपाई कागद घेऊन आला तर म्हणाल्या, "ठेव तिथं," आणि तो कागद तिथेच राहिला. मग स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला. त्यात एवढंच होतं: सदर काळात मला व माझ्या पतीस विमा होता किंवा नव्हता, हे एका ओळीत कळवावे. हेड ऑफिसचं उत्तर आलं, चांगलं पानभर. त्यात 'होता' पण नव्हतं आणि 'नव्हता' पण नव्हतं. बाईंनी पुन्हा तोच अर्ज पाठवला. पुन्हा उत्तर. पुन्हा अर्ज.

त्यांनी सही केली नाही म्हणून पाटलांनी केली नाही. पाटलांनी केली नाही म्हणून लॅबवाल्यांनी केली नाही. ज्यांनी केल्या होत्या ते आपापले कागद परत मागायला लागले. आम्हा स्टाफची युनियन नव्हती, कोणी पुढारी नव्हता. भालेरावबाई पुढारी झाल्या असं लोक म्हणायला लागले, आणि बाई ते ऐकूनही न ऐकल्यासारखं करायच्या. कुणी अभिनंदन केलं तर म्हणायच्या, "मी काही केलं नाही. मी फक्त विचारलंय."

शेवटी हेड ऑफिसने एक माणूस पाठवला. तरुण, टाय लावलेला, बोलायला नम्र. त्याने बाईंना देवधरांच्या केबिनमध्ये बोलावलं. तेवढा वेळ बोर्डावर मी बसले आणि कारखान्याचे फोन पार भलतीकडे जोडले. कॅंटीनचा फोन मॅनेजरांकडे, मॅनेजरांचा बॉयलरवर. बाई परत आल्या, उभ्या उभ्या दोन-तीन दोऱ्या उपसून जागेवर घातल्या, मला म्हणाल्या, "ऊठ." चेहऱ्यावरून काही कळेना.

दुपारी देवधरांनी मला बोलावून घेतलं. "तुमचं ऐकतील त्या," म्हणाले. "जरा समजवा. कंपनी स्वतःच्या पैशातून मिस्टरांचं हॉस्पिटलचं सगळं बिल द्यायला तयार आहे. खास बाब म्हणून. त्यांची कपातसुद्धा माफ. फक्त विमा होता हे मान्य करून सही करायची. आणि त्या नको म्हणाल्या. बाकीच्यांची कपात रद्द करा असंही म्हणाल्या नाहीत. नुसतं नको."

संध्याकाळी गेट ते नाका आम्ही चालत निघालो. रस्त्याला टँकरची रांग लागलेली, कडेच्या नाल्यातून पिवळं पाणी वाहत होतं. मी म्हटलं, "बाई, मिलिंद अजून शिकतोय. बांगड्या गेल्या तुमच्या. ते देतायत तर घ्या ना. तुमचा हक्कच आहे."

एक टँकर पुढे सरकेपर्यंत त्या कडेला थांबल्या. मग फोनबाहेरच्या आवाजात, जो मी वर्षभरात जेमतेम ऐकला होता, त्या म्हणाल्या:

"डॉक्टर बोलले होते, घाई करू नका, अजून आठ-दहा दिवस ठेवा. मी विचारलं किती होतील. त्यांनी आकडा सांगितला. मी बोलली, मग घरी नेते. रिक्षात बसताना हे मला बोलले, बरं केलंस, मला इथं झोप लागत नव्हती." त्या थांबल्या, पदराने चष्मा पुसला, परत घातला. "तेव्हा पैसे नव्हते ना, नीलू. नव्हते म्हणून आणलं. त्यात माझं काय चुकलं? काही नाही. आता कंपनीवाले येऊन सांगतायत की होते. बिल घेतलं म्हणजे मी पण बोलली की होते. मग मी त्यांना घरी का आणलं?"

तोवर नाका आला.

"मला त्यांचं बिल नको," बाई म्हणाल्या. "विमा नव्हता असं पाहिजे मला. लिहून पाहिजे."

रिक्षा आली. त्यात आधीच एक माणूस बसला होता, आम्ही दोघी त्याच्या शेजारी बसलो.

हे सगळं मी देवधरांना सांगितलं. सांगावं की नाही, याचा विचार रात्रभर केला होता. देवधरांनी ऐकून घेतलं आणि टेबलावरचा पेपरवेट कितीतरी वेळ फिरवत बसले. "होता हो विमा," शेवटी म्हणाले. "मी पॉलिसी पाहिली आहे." आणि मग, "बरं, बघतो."

त्यांनी काय बघितलं ते मला ठाऊक नाही. ते स्वतः दोनदा मुंबईला जाऊन आले, जे ते कधी करत नसत. मॅनेजरांच्या केबिनमध्ये पडद्याआडून देवधरांचा चढलेला आवाज आम्ही पहिल्यांदा ऐकला. हेड ऑफिसलाही हे प्रकरण आवरायचंच असणार. एकही सही येत नव्हती, आणि विमा नव्हता म्हटलं की जुनी बिलं मागणाऱ्यांचं तोंडही बंद होत होतं. महिन्याभराने नोटीस लागली. कारखान्यातील स्टाफ व त्यांचे कुटुंबीय यांना सदर योजना त्या काळात लागू नव्हती. सबब कोणतीही वसुली करण्यात येणार नाही. खाली देवधरांची सही.

कॅंटीनमध्ये जिलेबी मागवली गेली. पाटलांनी "भालेरावबाईचा विजय असो" म्हणून आरोळी ठोकली. बाई नोटिशीपाशी आल्या, चष्मा वर करून जवळून वाचलं, पुन्हा एकदा वाचलं. मग देवधरांच्या दाराशी गेल्या. देवधर खुर्चीतून उठून उभे राहिले.

"साहेब, बरोबर लिहिलंत ना?"

"बरोबर लिहिलंय, बाई," देवधर म्हणाले.

बाईंनी मान हलवली. अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्या घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी रिक्षात आपण होऊन म्हणाल्या, "काल गेली ती झोपलीच गं. मिलिंदने सकाळी हलवून उठवलं. बोलला, मला वाटलं तुला काय झालं."

त्यानंतर त्या पूर्वीसारख्या झाल्या असं मला म्हणता येणार नाही. चहा मात्र मागायला लागल्या. सुकट परत आली. देवधर निवृत्त होईपर्यंत बाईंनी त्यांच्याबद्दल कधी वावगं बोलू दिलं नाही, आणि देवधर बाईंच्या काचेसमोरून जाताना नेहमी जरा भरभर जायचे.

पुढे आपोआप जोडणारं यंत्र आलं, दोऱ्यांचा बोर्ड भंगारात गेला. बाईंना स्टोअर्समध्ये पाटलांच्या हाताखाली बसवलं. तिथे त्या चिडचिड्या झाल्या. मग कारखान्याने माणसं कमी केली तेव्हा पैसे घेऊन बाहेर पडल्या. मिलिंदने वांगणीला घर घेतलं, असं कानावर आलं. तिकडे स्वस्त घरं नुकतीच उठत होती. भेट राहिलीच.

त्यांना शेवटचं पाहिलं ते बदलापूरच्या एका हॉस्पिटलमध्ये. माझ्या सासऱ्यांना तिथे ठेवलं होतं. शेजारच्या खोलीत एक तीन-चार वर्षांची मुलगी होती. दारातून ओळखीचा चेहरा दिसला आणि मी थांबले. बाई कॉटच्या कडेला स्टुलावर बसल्या होत्या. केस पांढरे झालेले, चष्मा आणखी जाड. मला लगेच ओळखलं. "नीलू! ये, बस. ही मिलिंदची. ताप डोक्यात गेला होता, आता उतरलाय."

मुलगी उशीला टेकून बिस्किट खात होती, सगळ्या चादरीवर भुगा. चांगली टवटवीत दिसत होती. आम्ही घरच्या गोष्टी बोललो. पाटील वारल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. "जेवायला फार आवडायचं त्यांना," एवढंच म्हणाल्या.

तेवढ्यात मिलिंद आला, पाठोपाठ डॉक्टर. मिलिंद आता वसंतरावांपेक्षा उंच, कामाला लागलेला, शर्टाच्या खिशात दोन पेनं. डॉक्टरांनी मुलीचं पोट तपासलं, जीभ पाहिली, तिच्याशी दोन शब्द बोलले. "छान आहे. उद्या सकाळी घेऊन जा घरी."

"आई, सामान भरून ठेव मग," मिलिंद म्हणाला.

"राहू दे अजून दोन दिवस," बाई म्हणाल्या.

"कशाला? डॉक्टर सांगतायत ना, बरी आहे."

"बरी असली तरी राहू दे."

"आजी, तिला काहीही झालेलं नाही आता," डॉक्टर हसून म्हणाले. "घरी उलट लवकर खेळायला लागेल."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मुलीच्या पायावरचं पांघरूण ओढून नीट केलं आणि कॉटची लोखंडी पट्टी हाताने धरली.

"आई, ऐक ना," मिलिंद म्हणाला.

"डॉक्टर, दोन दिवस," बाई म्हणाल्या. आवाज फोनवरचा नव्हता. "मी इथेच बसते. मी काय तुम्हाला त्रास देणार नाही. दोन दिवस ठेवा तिला."

मिलिंदने माझ्याकडे पाहिलं, मी काही समजावीन म्हणून. मला नर्सने हाक मारली, सासऱ्यांचं सलाइन संपलं होतं. मी उठले. दारातून वळून पाहिलं तर डॉक्टर गेले होते, मिलिंद भिंतीला टेकून उभा होता, मुलगी दुसरं बिस्किट मागत होती आणि भालेरावबाई कॉटची पट्टी धरून तशाच बसल्या होत्या.